मुद्रा कोणी घडवली, कोणाच्या हाती आहे?

(वाशीम येथे कार्यकर्ते आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



१९३९ साली या वाशीम गावात चार ताम्रपट सापडले. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्म नगरीतून, म्हणजे याच भूमीवरून, दिलेले ते दानपत्र आहे. काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा. नांदीकड म्हणजे आजच्या नांदेड परिसरातील आकासपद्द नावाचे गाव काही अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. इतिहाससंशोधकांना या पत्र्यांनी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा पत्ता दिला. महसूल खात्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाने मात्र ते पाहिले तर त्याला त्यात आजचा सातबाराच दिसेल. जमीन कोणती, दिली कोणी, मिळाली कोणाला, कोणत्या करातून सूट, हे सारे त्यात आहे.

असे पत्रे एकावर एक ठेवून, त्यांना भोक पाडून, त्यातून तांब्याची कडी ओवण्याची आणि त्या कडीवर राजमुद्रा बसवण्याची रीत होती. मुद्रा न मोडता मधला पत्रा काढता येऊ नये अथवा नवा घालता येऊ नये, ही त्यातली योजना. आणि तरीही लबाडी होतच असे. खोट्या राजपत्राला आपल्याकडे ‘कूटशासन’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या समाजात एखाद्या गुन्ह्यासाठी स्वतंत्र शब्द तयार होतो, त्या समाजाने तो गुन्हा पुरेपूर भोगलेला असतो. सम्राट हर्षवर्धनाच्या मधुबन येथील ताम्रपटात याचे उदाहरणच आहे. सोमकुंडका नावाचे गाव वामरथ्य नावाचा एक ब्राह्मण कूटशासनाच्या जोरावर उपभोगत होता. हर्षाने ते खोटे पत्र मोडून काढले आणि गाव दुसऱ्यांना दिले. हे इसवी सन ६३१ मधले. फसवणूक करणाऱ्याची जात राजाने पाहिली नाही, हेही जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे मराठी राज्यात पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपेल तिथे मोर्तब, अशी पद्धत रूढ झाली. मोर्तबाचा हेतू नेमका होता. लेखनाची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी ओळ वाढवली तर ती राजाची नव्हे. ‘शिक्कामोर्तब झाले’ हा वाक्प्रचार रोज वापरताना त्यातले हे दोन वेगळे अर्थ विसरले गेले आहेत. शिक्का सांगतो की पत्र कोणाचे. मोर्तब सांगते की पत्रात नंतर काही घुसडलेले नाही. संगणकाच्या सुरक्षिततेचे शास्त्र आज ज्या चिपांवर उभे आहे, त्या चिपांची कामेसुद्धा मूलतः हीच दोन आहेत.

प्रथम आपल्या रोजच्या अनुभवातील चिप पाहू. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशीम, कोणत्याही तालुक्यातला शेतकरी आज हा उतारा घरबसल्या काढू शकतो. त्यावर शाईची सही नाही, गोल शिक्का नाही. मग तो खरा कशावरून? तलाठी (२०२४ पासून त्यांचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे) ज्या डिजिटल स्वाक्षरीने तो प्रमाणित करतो, तिच्यावरून. ही स्वाक्षरी ज्या पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या वस्तूत असते, तिला कार्यालयांत ‘डोंगल’ किंवा ‘डीएससी’ म्हणतात. पण ती पेनड्राइव्ह नव्हे. तिच्या पोटात एक लहानसा स्वतंत्र संगणकच असतो.

त्याचे कार्य असे चालते. त्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती चिपमध्येच जन्माला येते आणि तिथून कधीही बाहेर पडत नाही. कागदपत्रावर सही करायची वेळ येते तेव्हा संगणक त्या कागदपत्राचे एक आटीव सार काढतो आणि ते चिपकडे पाठवतो. चिप ते आत घेते, गुप्त किल्लीने त्यावर गणिती संस्कार करते आणि केवळ उत्तर बाहेर देते. त्या किल्लीची जोडकिल्ली सर्वांना खुली असते. तिच्या साह्याने कोणीही पडताळू शकतो की सही खरी आहे आणि मजकुरातले एक अक्षरही बदललेले नाही. आठ-अच्या नोंदीत एक शून्य वाढवले, वारसाच्या नावातला एक काना काढला, की सही जुळत नाही. शिक्का आणि मोर्तब दोन्ही एकाच क्रियेत. संगणकात कितीही विषाणू शिरले तरी त्यांना किल्ली चोरून नेता येत नाही, कारण ती संगणकात नाहीच. पिन वारंवार चुकवला तर चिप स्वतःला कुलूप लावून घेते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरला अमलात आला आणि अशा स्वाक्षरीला कायद्याची मान्यता मिळाली. त्यापुढे, ही किल्ली साध्या हार्ड डिस्कवर न ठेवता प्रमाणित क्रिप्टो-टोकनातच ठेवावी, अशी शिस्त प्रमाणन नियंत्रकांनी घालून दिली. हा निर्णय अत्यंत योग्य होता.

इतके भक्कम कवच असेल तर भोक कुठे राहते? भोक राहते माणसात. टोकन संगणकाला दिवसभर लावून ठेवलेले, पिन कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला, आणि सही करणारा ऑपरेटर, हे दृश्य कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या खात्यात अपरिचित आहे? साहेब दौऱ्यावर, साहेबांची सही कार्यालयात! चिपला एवढेच कळते की योग्य पिन मिळाला. तो कोणाच्या बोटांनी दिला, हे तिला कळत नाही. राजमुद्रा ज्याच्या ताब्यात त्याच्याच ताब्यात अर्धे राज्य, हे जुन्या दरबारांना ठाऊक होते, म्हणून मुद्रा सांभाळणारा माणूस निवडून घेतला जाई. आजची मुद्रा टेबलाच्या खणात, रबरबँड आणि टाचण्यांच्या शेजारी पडलेली असते.

आणि जिथे अशी चिपसुद्धा नाही, नुसता सांकेतिक शब्द आणि मोबाईलवर येणारा आकडा एवढ्यावर दार उघडते, तिथे काय घडू शकते? शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यातले, आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीचे प्रकरण २०२५ च्या डिसेंबरात राज्यभर गाजले. जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव, आणि त्याच्या नावावर काही महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी! चौकशीसाठी राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. जन्माचा दाखला म्हणजे नागरिकत्वाच्या कागदपत्रांच्या साखळीची पहिली कडी. त्यावर पुढचे आधार, शिधापत्रिका, मतदार यादीतले नाव उभे राहते. ही कडीच बनावट निघाली तर देशाची सीमा काटेरी कुंपणाने कितीही बंदिस्त केली, तरी उपयोग किती? गोपनीय शब्द फोनवर सांगता येतो, फसवून काढून घेता येतो, एकाच वेळी दहा गावांत वापरता येतो. चिप एका वेळी एकाच हातात असू शकते आणि ती हरवली तर हरवल्याचे कळते. हा फरक तंत्राचा वाटला तरी प्रत्यक्षात तो कारभाराचा आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या चिपकडे वळू. ही सही करणाऱ्या माणसासाठी नाही, खुद्द संगणकासाठी आहे. १९९९ साली कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघ स्थापला. २००३ पासून तो ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुप’ या नावाने ओळखला जातो. त्यांच्या विचारातून जी चिप निघाली, तिला ‘ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल’, संक्षेपाने टीपीएम, म्हणतात. संगणकाच्या मुख्य पटलावर ती स्वतंत्रपणे बसवलेली असते, किंवा अलीकडे प्रोसेसरच्या आतच असते. संगणक सुरू होताना एकामागून एक ज्या आज्ञावल्या जाग्या होतात, त्या प्रत्येकीचे माप या चिपकडे नोंदवले जाते. या नोंदवहीची खुबी अशी, की तीत मागची नोंद खोडता येत नाही. प्रत्येक नवे माप आधीच्या मापात मिसळले जाते. मधेच एखादी परकी आज्ञावली घुसली असेल तर शेवटचा आकडा बदलतो. हार्ड डिस्कवरचा मजकूर ज्या किल्लीने सांकेतिक केलेला आहे ती किल्ली चिपने आपल्याजवळ मोहोरबंद ठेवलेली असते, आणि शेवटचा आकडा जुळला तरच ती मोहोर फोडते. त्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला, चोराने डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी त्याला अर्थहीन अक्षरांचा ढिगारा दिसतो. डॉक्टरांकडची रुग्णांची माहिती, पतसंस्थेचे खातेदार, शाळेतल्या मुलींचे पत्ते, संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या याद्या, हे सर्व ज्यांच्या लॅपटॉपवर आहे त्यांना या कवचाचे मोल वेगळे सांगायला नको.

मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर विक्रेत्याचे भाषण होईल. मालकाने स्वतः संगणक उघडला, त्यावर आलेली खोटी मेल उघडली, आणि बँकेचा तपशील स्वतःच्या हाताने भरला, तर ही चिप काही करू शकत नाही. तिचे काम मोहोर सांभाळण्याचे आहे. शहाणपण तिच्यात नाही.

मोहोर नसेल तर यंत्र यंत्राला कसे फसवते, याचा धडा महाराष्ट्राने पुण्यात घेतला. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रणालीत हल्लेखोर शिरले. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी त्यांनी आपली एक तोतया यंत्रणा उभी केली. ११ ऑगस्टला क्लोन केलेल्या कार्डांनी अठ्ठावीस देशांतून पैसे काढले गेले. प्रत्येक विचारणेला तोतया उत्तर देत होता, ‘द्या’. १३ ऑगस्टला स्विफ्ट संदेशांद्वारे हाँगकाँगच्या एका बँकेकडे आणखी सुमारे चौदा कोटी वळवले गेले. एकूण चौऱ्याण्णव कोटींहून अधिक रक्कम. तोतयाचे बंड हा शब्दप्रयोग पुण्याला नवा नाही, पण पेशव्यांच्या तोतयाला ओळखायला माणसे तरी होती. इथे यंत्राच्या ओळखीची खात्रीच कोणी मागितली नाही. कार्डावरची जुनी चुंबकीय पट्टी सहज उतरवून घेता येते. चिप तशी उतरवता येत नाही. चिपची कार्डे देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरची मुदत दिलेली होती. हल्ला त्याआधी साडेचार महिने झाला.

तर चिप हवी, हे निर्विवाद. पण राष्ट्राचा विचार करणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न पडलाच पाहिजे. मुद्रा आपल्या हाती आहे, ती घडवली कोणी?

हा प्रश्न संशयी स्वभावातून आलेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये क्रिप्टो एजी नावाची एक कंपनी होती. अनेक देशांची सरकारे आपले गुप्त संदेश सांकेतिक करण्यासाठी तिची यंत्रे विकत घेत. देश तटस्थ, कंपनी प्रतिष्ठित, मग शंका कशाला? फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतील ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि जर्मन दूरचित्रवाहिनीने उघड केले, की १९७० पासून ही कंपनी गुपचूप अमेरिकेच्या सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या बीएनडी या गुप्तचर संस्थांच्या मालकीची होती. यंत्रांत मुद्दाम दौर्बल्य ठेवलेले होते. ग्राहकांच्या यादीत भारतही होता आणि पाकिस्तानही. कुलूप विकणाऱ्याने प्रत्येक कुलपाची एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती, आणि गिऱ्हाईक निर्धास्त झोपत होते.

मात्र प्रत्येक परकी चिपेत कपट असते असे मानणे हा आळशी देशाभिमान होय. २०१७ साली चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की जर्मनीच्या इन्फिनियॉन कंपनीच्या चिपा गुप्त किल्ल्या तयार करताना गणिताची एक चूक करतात, त्यामुळे त्या किल्ल्या फोडता येऊ शकतात. अनेक टीपीएम चिपा त्यात सापडल्या. एस्टोनिया या छोट्या देशाने नागरिकांच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रे थांबवली. तिथे कपट नव्हते, प्रमाद होता. स्वदेशी चिपेतही असा प्रमाद होऊ शकतो. फरक इतकाच, की आपली रचना आपल्यासमोर उघडी असेल तर आपले अभियंते ती तपासू शकतात. दुसऱ्याच्या बंद पेटीवर केवळ विश्वास ठेवावा लागतो. चीनने हे लवकर ओळखले आणि टीपीएमला पर्याय म्हणून स्वतःच्या गणितसूत्रांवर आधारलेली स्वतःची चिप उभी केली. चीनचे अनुकरण करावे असे नाही, पण त्याच्या सावधपणाकडे डोळेझाक करणेही परवडणारे नाही. २०२५ च्या जुलैत गुजरातमधील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा युरोपीय महासंघाच्या निर्बंधांमुळे अचानक बंद झाल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर त्या सुरू झाल्या. भारतात नोंदलेली कंपनी, भारतातले कर्मचारी, भारताने न लादलेले निर्बंध. तरीही दार बंद करणारा हात सातासमुद्रापलीकडचा.

या संदर्भात वऱ्हाडाला एक अभिमानाची गोष्ट आठवली पाहिजे. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक नाकारला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे. १९९८ च्या १ जुलैपर्यंत वाशीमही अकोला जिल्ह्यातच होते. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून गेलेला मुलगा महासंगणक उभा करतो, हे या मातीने पाहिले आहे.

चिपनिर्मितीचा मार्ग मात्र खडतर ठरला. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने १९८० च्या दशकात आशादायक सुरुवात केली होती. १९८९ च्या फेब्रुवारीत तिथे भीषण आग लागली आणि एका पिढीचा काळ वाया गेला. त्याच मोहालीत घडलेली, इस्रोच्या प्रक्षेपक यानांसाठीची ‘विक्रम’ ही ३२ बिटांची चिप २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीतील सेमिकॉन इंडिया परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हाती सोपवण्यात आली. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर खुल्या रचनेवर उभे राहिले आहेत. धोलेरा येथे टाटा समूहाच्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिथे २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपा करण्याची योजना आहे. काही विद्वान नाक मुरडतात, की जग तीन नॅनोमीटरला पोचले आणि हे अजून अठ्ठावीसवर. पण तलाठ्याच्या टोकनाला, बँकेच्या कार्डाला, पारपत्रातल्या चिपेला तीन नॅनोमीटर लागतच नाही. सुरक्षा-चिपेला वेग फारसा नको, निष्ठा हवी. म्हणजे ज्या एका क्षेत्रात परावलंबन सर्वांत धोक्याचे, त्याच क्षेत्रात स्वावलंबन सर्वांत जवळचे आहे. शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या स्वाक्षरी-टोकनांसाठी भारतीय रचनेच्या, भारतात घडलेल्या चिपेचा आग्रह धरला, तर गिऱ्हाईक घरातच उभे राहील. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पारपत्रे छापली जातात. २०२४ च्या एप्रिलपासून चिप असलेली ई-पारपत्रे देण्यास ज्या कार्यालयांपासून सुरुवात झाली, त्यांत आपले नागपूर होते. छपाई स्वदेशी, पुस्तिका स्वदेशी, मग आतला कणही का नसावा?

तो कण येईल तेव्हा येईल. तोपर्यंत जिल्ह्यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. ज्या कार्यकर्त्यांचा ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा किंवा बाजार समितीशी संबंध आहे, त्यांनी एकच विचारणा करावी: स्वाक्षरीचे टोकन रात्री कुठे असते? अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला, सचिव बदलला, तर त्याचे प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द करून घेतले का? सेवा केंद्रांतून चालणारे अनेक संगणक अजून विंडोज १० वर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या प्रणालीचा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएमची दुसरी आवृत्ती आवश्यक आहे. यंत्र टाकून देण्याआधी त्यात ती चिप आहे का ते पाहावे. पुष्कळ यंत्रांत ती असते, केवळ बंद करून ठेवलेली असते, आणि जाणकार दुरुस्तीवाला ती पाच मिनिटांत सुरू करून देतो.

घरी ज्यांनी डिस्क सांकेतिक केली असेल, त्यांच्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट. संगणकाचे मुख्य पटल बदलले की चिपही बदलते, आणि मग यंत्र अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्तीचा आकडा मागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करणाऱ्यांच्या आकड्याची प्रत बहुधा त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. ती तिथे ठेवायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण ती तिथे आहे हे माहीत असावे. आकडा कागदावर नीट उतरवून, दोनदा पडताळून, घराच्या खरेदीखताच्या पिशवीत ठेवावा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.